तोल राखणाऱ्या तीन नलिका
अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका : रचना, कार्य व विकार



वार्षिक अहवालात हिशेबपत्रके व विभागवार आढावा यांच्या जोडीला एका आरोग्यविषयाची सविस्तर ओळख करून देण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा ही जबाबदारी प्रशासकीय विभागाकडे आली. प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यावसायिक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून त्याचे आयुष्य खतावणी, पावत्या आणि लेखापरीक्षण यांत गेले. तथापि जो विषय घरी अनुभवला आणि त्यानंतर आपल्या कान-नाक-घसा विभागातील डॉक्टरांकडून समजून घेतला, तो सर्वांपर्यंत पोहोचवावा या हेतूने हे लेखन केले आहे. त्यातील वैद्यकीय मजकूर त्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे.

चार वर्षांपूर्वी एका पहाटे माझ्या आईने अंथरुणात डाव्या कुशीवर वळताच किंकाळी फोडली. घर फिरते आहे, खाट उलटते आहे, असे ती म्हणत होती. अर्ध्या मिनिटात सर्व शांत झाले. पण पुन्हा कूस बदलताच तेच. एका दवाखान्यात मानेचे मणके झिजल्याचे निदान झाले व गळ्यात पट्टा आला. दुसरीकडे रक्तदाब कमी असल्याचे सांगण्यात आले. मेंदूचे छायाचित्र काढण्याची व्यवस्था मी स्वतः केली. त्यात काहीही निघाले नाही. चक्कर दाबण्याच्या गोळ्या तीन महिने चालू राहिल्या. आई बसून झोपू लागली, देवळात जाणे तिने सोडले आणि एके दिवशी न्हाणीघरात पडून तिच्या मनगटाचे हाड मोडले. अखेरीस आपल्याच रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरने तिला खाटेवर बसवले, मान वळवून झटकन आडवे केले, तिच्या डोळ्यांकडे पाहिले आणि पाच मिनिटांत निदान सांगितले. पुढील दहा मिनिटांत उपचारही झाला. त्याकरिता एकही यंत्र लागले नाही.

रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या माणसाच्या घरी हे घडावे याची खंत आजही वाटते. या लेखाचे मूळ त्या खंतीत आहे.

चक्कर म्हणजे नेमके काय?

आपल्या बोलीत चक्कर, घेरी, भोवळ हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठा भेद आहे. वैशाखात, भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना शेतातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा बहुधा शरीरातील पाणी व क्षार कमी झालेले असतात आणि रक्तदाब उतरलेला असतो. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी घेतलेल्या माणसाला गळून गेल्यासारखे वाटते, ते साखर उतरल्याने. चालताना पाय भलतीकडे पडणे हा तिसरा प्रकार. स्वतः किंवा भोवतालचे जग गरगर फिरते आहे असे वाटणे हा चौथा, आणि या चौथ्या प्रकाराचा उगम पुष्कळदा कानाच्या आत असतो. म्हणून चक्कर आली एवढेच न सांगता नेमके काय झाले, काय करताना झाले आणि किती वेळ टिकले, हे सांगणाऱ्या रुग्णाने निदानाचे अर्धे काम केलेले असते.

रचना

कानाचे तीन भाग आहेत. बाह्यकर्ण व मध्यकर्ण आवाज आत पोहोचवतात. अंतर्कर्ण हा कवटीच्या अतिशय टणक अशा हाडात कोरलेला नागमोडी पोकळ्यांचा समूह होय. त्याच्या पुढील भागी गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते. ती ऐकण्याचे काम करते. मागील भागी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांचा ऐकण्याशी संबंध नाही. त्यांचे काम तोलाचे.

या तीन नलिका परस्परांशी जवळजवळ काटकोनात असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती व जमीन जशा एकत्र येतात, तशी त्यांची मांडणी डोळ्यांपुढे आणावी. एक आडवी, दुसरी पुढची उभी आणि तिसरी मागची उभी. प्रत्येकीचा वळसा वर्तुळाच्या सुमारे दोन-तृतीयांश इतका असून त्याचा व्यास १ सेंटिमीटरहून कमी भरतो. हाडातील पोकळी साधारण १ मिलिमीटर रुंद असते. तिच्या आत त्याहून बरीच बारीक अशी पडद्याची नळी असून तीत पाण्यासारखा पातळ द्रव भरलेला असतो. जन्माच्या वेळीच या नलिकांचा आकार प्रौढ माणसाच्या नलिकांएवढा झालेला असतो, हे आणखी एक आश्चर्य.

प्रत्येक नलिकेच्या एका टोकाला फुगीर भाग असतो. त्यास कुंभिका म्हणतात. कुंभिकेत सूक्ष्म केस असलेल्या संवेदनक्षम पेशींचा उंचवटा असतो आणि त्या केसांवर लिबलिबीत पदार्थाचा पातळ पडदा उभा असतो. हा पडदा दारासारखा कुंभिकेची वाट अडवून राहतो. द्रव हलला की पडदा लवतो, पडदा लवला की केस वाकतात, आणि केस वाकले की मज्जातंतूतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांची गती बदलते.

तिन्ही नलिका ज्या पिशवीत उघडतात तिचे नाव यूट्रिकल. तिच्यात व तिच्या शेजारच्या सॅक्यूल नावाच्या पिशवीत एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, असंख्य सूक्ष्म स्फटिक बसवलेले असतात. पुढील विवेचनात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे, म्हणून वाचकांनी हे स्फटिक लक्षात ठेवावेत.

कार्य

आपल्याकडील मुलींच्या दोन खेळांतून हे कार्य उत्तम समजते. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसतात. त्या वेळी पुढे-मागे व वर-खाली जाण्याची जाणीव मुख्यतः त्या दोन पिशव्यांतील स्फटिकांच्या वजनामुळे होते. फुगडीचे गणित वेगळे. फुगडी सुरू होताच डोके व त्यातील नलिका फिरू लागतात. पण आतला द्रव आपल्या जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो आणि पडदा लवतो. मेंदूला कळते की आपण फिरतो आहोत. फुगडी एकाच वेगाने चालू राहिली तर काही सेकंदांत द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो, आणि पडदा हळूहळू सरळ होतो. मग फुगडी एकदम थांबते. नलिका थांबल्या तरी द्रव थांबत नाही; तो पडद्याला उलट बाजूस लववतो. मेंदू समजतो की आपण आता उलटे फिरतो आहोत, आणि अंगणातले तुळशीवृंदावन मुलीभोवती फिरू लागते. म्हणजे या नलिका फिरण्याचा वेग नव्हे, तर वेगातील बदल प्रथम टिपतात.

दोन्ही कान मिळून अशा सहा नलिका असतात आणि त्या जोडीने काम करतात. उजवीकडील आडवी व डावीकडील आडवी ही एक जोडी. उजवीकडील पुढची व डावीकडील मागची ही दुसरी. डावीकडील पुढची व उजवीकडील मागची ही तिसरी. डोके स्थिर असतानाही प्रत्येक बाजूकडून संदेश अखंड चालू असतात. माकडांवरील प्रयोगांत एकेका तंतूतून सेकंदाला सरासरी सुमारे ९० संदेश जात असल्याचे आढळले. डोके उजवीकडे वळले की उजव्या आडव्या नलिकेचे संदेश वाढतात आणि डाव्या नलिकेचे कमी होतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला येथे द्विनोंदी पद्धतीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एका खाती जमा पडले की दुसऱ्या खाती नावे पडते, आणि दोन्हींचा ताळा जुळला की व्यवहार खरा मानला जातो.

या नोंदींचा पहिला उपयोग डोळ्यांसाठी होतो. वाचकांनी हा अहवाल हाती असतानाच एक प्रयोग करून पाहावा. डोके स्थिर ठेवून पान डावी-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरे पुसट होतील. आता पान स्थिर धरा आणि तितक्याच वेगाने डोके हलवा. अक्षरे वाचता येतील. नलिकांनी दिलेल्या सूचनेवरून सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे डोक्याच्या उलट दिशेने तितकेच वळतात, म्हणून जग स्थिर दिसते. चालताना दुकानाची पाटी वाचता येते ती यामुळेच.

मेंदू केवळ कानावर विसंबत नाही. डोळे, कान आणि पाय-सांधे-स्नायू ही त्याची तीन वेगळी पुस्तके होत आणि त्यांची जुळवणी तो अहोरात्र करीत असतो. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाटात गाडी लागते त्याचे कारण या जुळवणीत आहे. बसमध्ये खाली मान घालून वाचणाऱ्याचे डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, तर नलिका सांगतात की वळणामागून वळण येते आहे. पुस्तके जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. अशा वेळी पुढच्या बाकावर बसून दूरचा रस्ता पाहावा. डोळ्यांची नोंद कानाच्या नोंदीशी जुळू लागते. ज्यांच्या दोन्ही कानांतील ही यंत्रणा पूर्णपणे बंद पडलेली असते, त्यांना गाडी लागत नाही.

हे ज्ञान कसे मिळाले?

कान म्हणजे केवळ ऐकण्याचे इंद्रिय, ही समजूत फार काळ टिकून होती. १८२४ च्या सुमारास पॅरिस येथे फ्लुरां यांनी कबुतरांच्या या नलिका छेदून पाहिल्या. पक्षी बहिरे झाले नाहीत. मात्र जी नलिका छेदली, तिच्या पातळीत त्यांची डोकी हलू लागली. १८६१ साली त्याच शहरातील प्रॉस्पर मेनिएर यांनी दाखवून दिले की चक्कर, कानातील गुणगुण आणि बहिरेपणा यांचे एकत्र येणारे झटके अंतर्कर्णाच्या दोषाने येतात. तोवर अशा झटक्यांना मेंदूत रक्त साठल्याचा विकार समजून रुग्णाचे रक्त काढले जात असे.

व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांचा शोध तर साध्या तक्रारीतून लागला. रुग्णांचे कान पिचकारीने धुताना काहींना चक्कर येई व त्यांचे डोळे झटके देऊ लागत. एका रुग्णाने आधी पाणी गार असल्याची, तर नंतर ते फार गरम असल्याची तक्रार केली. बाराणी यांच्या ध्यानात आले की गार व गरम पाण्याने डोळ्यांचे झटके परस्परविरुद्ध दिशांना येतात. पाण्याने आडव्या नलिकेची एक बाजू थंड वा उष्ण होते आणि आतला द्रव वाहू लागतो. एकेक कान स्वतंत्रपणे तपासण्याची ही रीत आजही प्रचलित आहे. त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते. सुटकेनंतर १९१६ साली स्टॉकहोम येथे त्यांनी ते स्वीकारले.

यातून एक व्यावहारिक बोध घ्यावा. कान धुण्याचे पाणी शरीराच्या तापमानाइतके कोमट असावे लागते. पडद्याला छिद्र असलेल्या कानात विहिरीचे गार पाणी शिरले, तर पोहणाऱ्याला पाण्याखाली अकस्मात चक्कर येऊन वर-खालीचे भान सुटू शकते. कान वाहणाऱ्या मुलांना विहिरीत उडी मारण्यास मज्जाव करावा, याचे हे एक गंभीर कारण होय.

विकार

१. जागेवरून सुटलेले स्फटिक. गरगरणाऱ्या चकरेचे हे सर्वांत सामान्य कारण. वैद्यकीय भाषेत यास बीपीपीव्ही म्हणतात. वयोमानाने, डोक्याला मार लागल्याने, दीर्घकाळ अंथरुणास खिळल्याने किंवा काही स्पष्ट कारण नसतानाही यूट्रिकलमधील स्फटिक सुटतात आणि एखाद्या नलिकेत शिरतात. बहुसंख्य रुग्णांत ही नलिका मागची असते. ती सर्वांत खालच्या पातळीवर असते आणि तिचे एक टोक कुंभिकेतील पडद्याने बंद असते, त्यामुळे आत गेलेले कण तेथेच अडकतात. रुग्ण कूस बदलतो, उशीवर डोके टेकतो किंवा माळ्यावरचा डबा काढण्यासाठी मान वर करतो, तेव्हा कण घरंगळतात, द्रवाला ओढतात आणि मेंदूकडे फिरण्याचा खोटा संदेश जातो. चक्कर बहुधा एका मिनिटाच्या आत शमते. ज्यांनी पांझरेकाठचे फड पाहिले आहेत, त्यांना पाटात आलेला गाळ समजावून सांगावा लागणार नाही. पाट फुटलेला नसतो, पाणीही आटलेले नसते. नको तेथे नको ती वस्तू येऊन पडलेली असते. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

२. तोलाच्या मज्जातंतूचा दाह. हा बहुधा विषाणूमुळे होतो असे मानले जाते. एका बाजूचे संदेश अचानक घटतात. डोके स्थिर असूनही दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळत नाहीत, म्हणून मेंदू सतत फिरत असल्याचा निष्कर्ष काढतो. तीव्र चक्कर व उलट्या दिवसचे दिवस चालतात. ऐकू मात्र नीट येते. काही आठवड्यांत मेंदू नव्या परिस्थितीशी जुळवून घेतो. त्यासाठी रुग्णाने लवकरात लवकर हिंडू-फिरू लागणे इष्ट असते.

३. मेनिएरचा विकार. यात अंतर्कर्णातील द्रवाचा समतोल बिघडतो. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारे चकरेचे झटके, कानात गुणगुण व दडा बसल्याची भावना आणि कमी-अधिक होणारा बहिरेपणा ही याची लक्षणे. मीठ कमी करण्याचा सल्ला दिला जातो. लोणचे-पापड-ठेचा यांच्या आपल्या प्रदेशात तो पाळणे कठीण जाते, हेही खरे.

४. औषधांमुळे होणारी हानी. क्षयरोगावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले. पुढे आपल्या महाराष्ट्रात पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यातही ते तयार होऊ लागले. या औषधाने असंख्य प्राण वाचवले. मात्र काही रुग्णांत ते कुंभिकेतील केसयुक्त पेशी कायमच्या नष्ट करते. अशा एका अमेरिकन डॉक्टरने स्वतःचा अनुभव १९५२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. गुडघ्याच्या क्षयासाठी त्यांनी हे औषध घेतले होते. त्यानंतर वाचताना नाडीच्या ठोक्यासरशी अक्षरे उडत, म्हणून ते पलंगाच्या दोन लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट धरून वाचत असत. आपल्या देशातही दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्या क्षयरुग्णांना अनेक वर्षे दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली जात. आता ती पद्धत बंद झाली आहे. पण त्या काळी उपचार घेतलेले अनेकजण आज आपल्यात आहेत. घरातील एखादे वृद्ध गृहस्थ दिवसा बरे चालतात आणि अंधारात बांधावरून जाताना पडतात, चालताना समोरचे दृश्य हलते असे म्हणतात, तर पूर्वी क्षयाची इंजेक्शने घेतली होती काय, हे जरूर विचारावे. जेंटामायसिनमुळेही असेच होऊ शकते. मूत्रपिंड अधू असलेल्यांना हा धोका विशेष असतो.

५. नलिकेवरील हाडाला पडलेली फट. हा दुर्मिळ विकार १९९८ साली प्रथम वर्णिला गेला. पुढच्या उभ्या नलिकेवरील हाड झिजल्याने मोठ्या आवाजासरशी चक्कर येते. काही रुग्णांना स्वतःच्या डोळ्यांची हालचालदेखील ऐकू येते. अशा तक्रारीला पूर्वी मनाचा खेळ म्हटले जाई.

खाटेवरची तपासणी व उपचार

सुटलेल्या स्फटिकांची तपासणी डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ साली सविस्तर मांडली. रुग्णाला खाटेवर बसवून त्याची मान एका बाजूस ४५ अंश वळवतात आणि डोके खाटेच्या कडेबाहेर किंचित खाली येईल असे त्याला झटकन आडवे करतात. दोष त्या कानात असेल तर काही सेकंदांनी चक्कर येते आणि डोळे विशिष्ट रीतीने गोलाकार झटके देऊ लागतात. डॉक्टर ते पाहतो. निदान तेथेच होते.

उपचाराची रीत अमेरिकेतील पोर्टलंडचे कानाचे शल्यविशारद जॉन एप्ली यांनी शोधली. इतक्या जुनाट तक्रारीवर केवळ डोके वळवण्याचा इलाज सांगणाऱ्या या गृहस्थांवर व्यवसायबंधूंनी बराच काळ विश्वास ठेवला नाही. त्यांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि आज ती रीत जगभर प्रमाण मानली जाते. तपासणीच्याच स्थितीतून डोके हळूहळू निरोगी बाजूकडे वळवतात, मग रुग्णाला त्या कुशीवर करून चेहरा जमिनीकडे आणतात आणि शेवटी उठवून बसवतात. प्रत्येक टप्प्यावर अर्धे ते एक मिनिट थांबतात. नलिका जशी फिरते तसे कण तिच्या वळणावरून पुढे सरकतात आणि पुन्हा यूट्रिकलमध्ये पडतात. मागच्या नलिकेच्या विकारात दहापैकी सुमारे आठ रुग्णांना एक-दोन वेळच्या उपचाराने आराम पडतो. विकार पुन्हा उद्भवू शकतो. तेव्हा तीच क्रिया पुन्हा करता येते. २०२० साली दक्षिण कोरियातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांना ते कॅल्शियमसह दिल्यावर पुनरुद्भवाचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्याचे दिसले.

मान, पाठीचा कणा किंवा डोळ्याचा पडदा यांचे विकार असलेल्यांनी ही क्रिया घरी करून पाहू नये. प्रथम निदान प्रशिक्षित हातांनीच व्हावे. कोणती बाजू व कोणती नलिका, हे ठरल्याखेरीज डोके वळवण्यात अर्थ नाही.

नातेवाइकांसाठी सूचना

चकरेसोबत बोलणे अडखळणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, चेहरा वाकडा होणे, हात-पाय लुळे पडणे, आधाराशिवाय उभे राहता न येणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही असेल, तर तो पक्षाघाताचा इशारा समजावा. सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यावे. अशा वेळी मेंदूचे छायाचित्र अत्यावश्यक ठरते. एकाच कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तरी विलंब करू नये.

चक्कर दाबणाऱ्या प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन यांसारख्या गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्या उपयुक्त असतात. त्या महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूची जुळवून घेण्याची क्रिया मंदावते आणि वृद्धांत कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून त्या पुनःपुन्हा आणू नयेत.

वृद्धांच्या अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत रात्री दिवा ठेवावा, ओल्या फरशीवर पायपुसणे घसरणार नाही असे करावे आणि भिंतीला धरण्यासाठी दांडी बसवावी. ज्यांच्या कानांची यंत्रणा अधू आहे, त्यांना डोळ्यांचा व पायांचा आधार हाच उरलेला हिशेब असतो. अंधारात त्यातील एक पुस्तक बंद होते.

समारोप

अस्थिरोग विभागात खुब्याचे हाड मोडून आलेल्या वृद्धांच्या नातेवाइकांशी प्रशासकीय कामानिमित्त माझे बोलणे होते. आजी कशा पडल्या, असे विचारले की चक्कर आली एवढेच उत्तर मिळते. ती चक्कर कोणती होती, हे त्याआधी कोणी विचारले होते काय, असा प्रश्न आता माझ्या मनात येतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेचे देयक मी पाहतो. खाटेवरच्या त्या दहा मिनिटांचे देयक मला शोधावे लागते, इतके ते किरकोळ असते.

देणगीदारांनी आजवर दिलेली यंत्रे रुग्णांच्या नित्य उपयोगात आहेत आणि त्यांचे ऋण संस्था कधीही विसरणार नाही. तथापि काही उपचार असे असतात की त्यांवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावायला जागा नसते. जमाखर्चात त्यांची नोंद केवळ मनुष्यबळ या सदराखाली होते. विश्वस्त मंडळापुढे नम्र सूचना अशी की, बाह्यरुग्ण विभागात चकरेच्या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस राखावा, एक खाट त्यासाठी मोकळी ठेवावी आणि आपले डॉक्टर, परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ यांना या तपासणीचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. अवघड रुग्णांना धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा २०१८ साली सुरू झालेल्या जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवण्याची वाट खुली आहेच.

माझी आई आता आडवी होऊन झोपते. मध्यंतरी एकदा तिला पुन्हा तशीच चक्कर आली. तिने स्वतःच सांगितले की डाव्या कुशीवर वळताना आली, अर्धा मिनिट टिकली आणि ऐकायला नीट येते. डॉक्टरांना आणखी काही विचारावे लागले नाही. या लेखाच्या वाचकांपैकी एखाद्याने आपल्या घरातील वृद्धाला एवढे तीन प्रश्न विचारले, तरी अहवालातील ही पाने कारणी लागली असे प्रशासकीय विभाग मानील.